कर्मवीर दादासाहेब गायकवाड : बंद दारापासून पडीक जमिनीपर्यंत

कर्मवीर भाऊराव असे नाव उच्चारताच आमच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील उभे राहतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. परंतु ज्या पंचवटीत बसून आम्ही हा लेख लिहीत आहोत, त्या पंचवटीने आणखी एक कर्मवीर भाऊराव पाहिला आहे. भाऊराव कृष्णराव गायकवाड हे त्यांचे नाव. समाज त्यांना दादासाहेब म्हणत असे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे चिटणीस, मुंबई विधानसभेचे सदस्य, लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांतील खासदार, रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे सेनापती अशी त्यांची ओळख सांगता येते. तथापि पदांच्या या यादीतून माणूस हाती लागत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या माणसाचा शोध घेऊ इच्छितो.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या खेड्यात झाला. आज दिंडोरी म्हटले की द्राक्षबागा आठवतात. शंभर वर्षांपूर्वीच्या महारवाड्यातील मुलाच्या वाट्याला जे येत असे, ते आठवायला मात्र थोडा इतिहास वाचावा लागतो. गावकीची वेठ, वतनाचे तुटपुंजे बलुते, वेशीबाहेरचे घर आणि पाणवठ्यापासून दूर उभे राहणे, हे सारे त्यात होते. आंब्याच्या या मुलाला विद्यापीठाची पदवी मिळाली नाही. जे शिक्षण त्यांनी संपादन केले, त्याचा उपयोग त्यांनी किती केला हे मात्र पुढे दिसते. बाबासाहेबांनी त्यांना अनेक वर्षे सातत्याने पत्रे लिहिली आणि त्यांतील पुष्कळ पत्रे इंग्रजीत आहेत. ती पत्रे त्यांनी जपून ठेवली. आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला आज त्या पत्रांकडे वळावेच लागते. कागद जपून ठेवणे हेही समाजकार्य आहे, हे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला आणि महाराष्ट्रातील अस्पृश्य समाज खडबडून जागा झाला. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी या संस्थेकडे जी पाच वसतिगृहे होती, त्यांपैकी एक नाशिकला होते. उरलेली चार पनवेल, ठाणे, पुणे आणि धारवाड येथे होती. निवासी शाळेत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही नोंद जरा थांबून वाचावी. मंदिराचा लढा उभा राहण्यापूर्वीच या शहरात आपल्या मुलांसाठी अभ्यासाचा दिवा लागलेला होता. नाशिकच्या भूमीत चळवळीची जी माणसे घडत होती, त्यांत भाऊराव गायकवाड आणि अमृतराव रणखांबे ही नावे पुढे होती.

काळाराम मंदिर पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधले. त्याला चार दिशांना चार दरवाजे आहेत. या चार दरवाजांसमोर २ मार्च १९३० रोजी जे घडले, ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते. त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार स्त्रीपुरुषांची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे निघाली. नाशिकने तोवर एवढी मोठी मिरवणूक पाहिली नव्हती असे म्हणतात. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दरवाजांसमोर सत्याग्रह्यांच्या तुकड्या बसू लागल्या. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. त्यानंतर दहाच दिवसांनी साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. देशाच्या इतिहासात त्या यात्रेला जेवढी पाने मिळाली, त्याचा एक हिस्सा तरी पंचवटीच्या पंचवीस स्त्रियांना मिळावयास हवा होता, असे आमचे मत आहे.

९ एप्रिलचा प्रसंगही सर्वश्रुत आहे. त्या दिवशी चैत्र शुद्ध एकादशीचा रामाचा रथ निघायचा होता. रथ ओढण्यात स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी भाग घ्यावा असे ठरले होते. ऐनवेळी तो शब्द पाळला गेला नाही. सत्याग्रह्यांना बगल देऊन रथ पुढे पळवण्यात आला, दगडफेक झाली आणि अनेकांची डोकी फुटली. मंदिर पुढे वर्षभर बंद ठेवण्यात आले.

आम्हाला वाटते की दादासाहेबांचे चरित्र खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. मिरवणुकीचा दिवस मोठाच असतो, परंतु मिरवणुकीला एक दिवस पुरतो. हा सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता. थांबत, पुन्हा सुरू होत तो वर्षानुवर्षे चालला. त्या काळात बाबासाहेबांचा मुक्काम कोठे होता याचा हिशेब केला, तर एक गोष्ट ध्यानात येते. ऑक्टोबर १९३० मध्ये ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेला निघाले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये ते दुसऱ्या परिषदेसाठी गेले आणि पुढील वर्षाच्या आरंभी परतले. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवड्याचा तो करार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरी परिषद आली. लंडनमध्ये बाबासाहेब ज्या समाजाच्या नावाने बोलत होते, तो समाज येथे लढत उभा आहे, हे जगाला दिसणे आवश्यक होते. आणि तो उभा ठेवण्याचे काम सत्याग्रह समितीचे चिटणीस या नात्याने भाऊराव गायकवाडांकडे होते. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

चिटणीस हा शब्द आज फारच हलका झाला आहे. कोणत्याही मंडळाच्या फलकावर तो आढळतो. त्या काळच्या चिटणिसाच्या माथ्यावर काय काय होते याची कल्पना करून पाहावी. खेड्यापाड्यांतून पायी येणारी माणसे कोठे उतरतील, त्यांच्या भाकरीची सोय कशी होईल, उद्याच्या तुकडीत कोण बसेल, कोणाला अटक झाली, त्याच्या घरी कोण जाईल, वर्गणी किती आली आणि कशावर खर्च झाली, असे प्रश्न रोजच्या रोज उभे राहणार. त्यांपैकी एकाही प्रश्नाला टाळ्या मिळत नाहीत. शिवाय समोरून दगड येत असता आपल्या बाजूने एकही दगड जाऊ नये, यासाठी शेकडो संतप्त तरुणांना आवरून धरावयाचे. स्वतः दादासाहेबांनी या लढ्यात तुरुंगवास सोसला. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांची खरी कसोटी मात्र तुरुंगाबाहेरच लागली.

त्या कसोटीचे स्थान पंचवटीत नव्हते, ते खेड्यांत होते. सत्याग्रहाचे पडसाद जिल्ह्यातील गावागावांत उमटले. महारवाड्यांवर बहिष्कार पडले. वाटा अडवल्या गेल्या, दुकानदारांनी मीठमिरची देणे बंद केले, मुलांना शाळांतून हुसकावले गेले, कोठे मारहाण झाली. पंचवटीत दरवाजासमोर बसणाऱ्याच्या पाठीशी हजारो लोक होते. गावात चार घरांच्या वस्तीत राहणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या पाठीशी कोण होते? नेत्याने पुकारलेल्या लढ्याची किंमत बहुधा नेत्याच्या दृष्टीआड राहणारी माणसेच मोजत असतात. म्हणून पुढाऱ्याचे मोजमाप करताना तो किती मोठ्या सभेत बोलला एवढेच पाहून भागत नाही. अशा गावात त्याचे पाऊल पडले की नाही, आणि पडल्यावर त्या घरांना त्याने काय उत्तर दिले, हे पाहावे लागते. दादासाहेबांचे सारे आयुष्य खेड्यांत फिरण्यात गेले. पुढे त्यांच्या हाकेसरशी लाखो भूमिहीन घराबाहेर पडले, त्याचे मूळ आम्हाला या पायपिटीत दिसते.

चार वर्षे झाली. १९३४ ची रामनवमी जवळ आली. या वर्षी सत्याग्रह करावा काय, अशी विचारणा नाशिकहून बाबासाहेबांकडे गेली. ३ मार्च १९३४ च्या पत्राने बाबासाहेबांनी भाऊरावांना उत्तर दिले. त्या पत्राचा आशय प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा असा आहे. अस्पृश्यांना मूर्तिपूजक बनवावे किंवा देवळात शिरल्याने ते समान होतील, अशा समजुतीने आपण हा लढा मांडलाच नव्हता, असे त्यांनी स्पष्ट केले. समाजात चेतना निर्माण करण्याचे आणि त्याला आपल्या स्थितीची जाणीव करून देण्याचे ते एक साधन होते. तो हेतू साध्य झाला आहे, तेव्हा आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्यांचा सल्ला होता.

हे पत्र वाचणाऱ्या भाऊरावांच्या मनात काय आले असेल? त्यांनी स्वतः त्याविषयी काही मनोगत मागे ठेवले आहे, असे समजून आम्ही काही लिहिणार नाही. परंतु परिस्थिती डोळ्यांसमोर आहे. ज्या दारासाठी माणसे रक्तबंबाळ झाली, ज्याच्यापायी गावोगाव बहिष्कार सोसला, ते दार उघडलेले नव्हते. आणि आता त्या दाराकडे पाठ फिरवावयाची होती. अशा वेळी सामान्य पुढारी दोनपैकी एक मार्ग धरतो. आपण स्थापन केलेल्या लढ्यालाच तो चिकटून बसतो, कारण त्यात त्याचे नाव गुंतलेले असते, नाही तर खचून घरी जातो. भाऊरावांनी दोन्ही केले नाही. लढा उभारण्याइतकेच तो योग्य वेळी मिटवणे आणि माणसे मात्र विखरू न देणे हे अवघड असते. नाशिक जिल्ह्यातील संघटना विखुरली नाही. याचा पुरावा दुसऱ्याच वर्षी मिळाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे परिषद भरली आणि आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही बाबासाहेबांची घोषणा तेथे झाली. पंचवटीच्या बंद दरवाजांना समाजाने दिलेले ते उत्तर होते. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्यामुळे विद्यार्थ्यांना त्यांतील धागा दिसत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

१९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले, स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मक्रांती घडली. दादासाहेबांनीही बुद्धाचा मार्ग स्वीकारला. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

सेनापती गेल्यावर सैन्याचे काय होते, हे इतिहासात आम्ही पुन्हा पुन्हा शिकवतो. १९५७ च्या निवडणुका दोन-तीन महिन्यांवर होत्या. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर उभे राहिले आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. शोकात बुडालेल्या समाजाला त्या वर्षी मतदान केंद्रापर्यंत नेणे ही केवळ राजकीय कामगिरी नव्हती. त्याच वर्षीच्या ३ ऑक्टोबरला नागपूर येथे भारतीय रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

आता आम्ही त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठ्या कार्याकडे येतो. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. गुलामीची ती बेडी तुटावी म्हणून बाबासाहेबांनी दशकानुदशके प्रयत्न केले होते. बेडी तुटली, परंतु हाताला जमीन लागली नाही. गावकी सोडलेला, मेलेली ढोरे ओढणे बंद केलेला, बुद्धाला शरण गेलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी कोणाच्या शेतावर मजुरीला जाणार? ज्याचा काल त्याने जोहार नाकारला, त्याच्याच. स्वाभिमानाला पोटाचा आधार लागतो ही गोष्ट दादासाहेबांनी जितकी ओळखली, तितकी त्या काळच्या फार थोड्या पुढाऱ्यांनी ओळखली. सरकारी पडीक जमिनी, गायराने आणि वनखात्याच्या ओसाड जमिनी भूमिहीनांना कसण्यासाठी द्याव्यात, या मागणीसाठी १९५९ साली त्यांनी सत्याग्रह उभारला. मराठवाडा, खानदेश आणि नाशिक येथील हजारो स्त्रीपुरुषांनी तुरुंग भरले. ही मागणी केवळ बौद्धांसाठी नव्हती. ज्याला जमीन नाही अशा कोणत्याही जातीच्या माणसासाठी ती होती.

१९६४ साली हीच हाक देशभर गेली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन सादर झाले आणि ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, सत्याग्रहाला आरंभ झाला. कसेल त्याला जमीन, पडीक जमिनीचे भूमिहीनांना वाटप, धान्याचे नीट वितरण, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, झोपडपट्टीवासीयांचे प्रश्न, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या. पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत लाखो लोकांनी अटक करून घेतली. मुले कडेवर घेऊन स्त्रिया तुरुंगात गेल्या. १९३० साली पंचवटीत पंचवीस स्त्रिया दरवाजासमोर बसल्या होत्या. चौतीस वर्षांनी त्यांच्या लेकीसुना गायरानांवर उभ्या होत्या. या दोन सत्याग्रहांत फरक होता तो मागणीचा. पहिल्यात दार उघडा म्हणून आर्जव होते, दुसऱ्यात जमीन आमची आहे असा दावा होता.

दादासाहेबांच्या उत्तरायुष्याविषयी लिहिताना आम्हाला गौरवाची लेखणी थोडी बाजूला ठेवावी लागते. पक्षस्थापनेला दोन वर्षे होतात न होतात तोच रिपब्लिकन पक्षात फूट पडली. एका बाजूला बॅरिस्टर, वकील, पदवीधर अशी नवी पिढी होती. बी. सी. कांबळे हे तिचे प्रमुख. दुसऱ्या बाजूला दादासाहेब आणि त्यांच्या मागे खेड्यांतील समाज होता. घटनात्मक मार्ग की रस्त्यावरचा लढा, बाबासाहेबांच्या विचाराचा खरा अर्थ कोणता, अशा प्रश्नांवर वाद झाले. जमिनीच्या लढ्यावर साम्यवादी वळणाचा आरोप झाला. दादासाहेबांच्या शिक्षणाचाही उणा उल्लेख झाला. जो समाज शिक्षणाने उभा राहिला, त्याने आपल्याच कमी शिकलेल्या ज्येष्ठाला हिणवावे, याची खंत आम्हा शिक्षकांना अधिक वाटते. तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. पक्ष घटनेने आणि नियमाने चालावा, ही अपेक्षा योग्यच होती.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. यशवंतराव चव्हाणांशी त्यांचे संबंध निकटचे होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या होत्या, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. सत्तेशी जुळवून घेऊन आपल्या माणसांसाठी काही पदरात पाडून घ्यावे, असा विचार त्यामागे असावा. काही पदरात पडलेही. परंतु जो पक्ष स्वतःच्या पायावर उभा राहावयाचा होता, त्याला आधाराची सवय लागली. ही सवय पुढे किती महागात पडली, हे आजच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. आमच्या मते हा निर्णय चुकला. तो स्वार्थापोटी घेतला गेला असे मात्र आम्हाला वाटत नाही. सरकारने १९६८ साली त्यांना पद्मश्री दिली. ज्याच्या नावावर इतक्या वर्षांच्या सत्याग्रहांचा आणि तुरुंगवासांचा हिशेब होता, त्याच्यासाठी ती तशी लहानच गोष्ट होती.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले.

१९६४ च्या निवेदनातील दोन मागण्या पूर्ण व्हायला १९९० साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. आज आमच्या शाळेतील ज्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यावर बौद्ध अशी नोंद आहे आणि ज्यांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. जमिनीची मागणी मात्र तशी पूर्ण झाली नाही. २००४ साली महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतील भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी योजना काढली आणि तिला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव दिले. योजनेसाठी विकत घेण्याजोगी जमीनच मिळत नाही, असे उत्तर अर्जदारांना आजही ऐकावे लागते. आमच्या वसतिगृहातील कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत रोजाने राबतात. त्या बागांपासून आंबे गाव दूर नाही.